होंडा एचआरसीचे रायडर एकमेकांनाच हरवतात, मग टीम नक्की कशासाठी असते?

कोथरूडचा_क्लच

मंडळी, बेसिक प्रश्न आहे, जुन्या लोकांनी हसू नका. २०२४ च्या जानेवारीत बालेवाडीला इंडियन सुपरक्रॉस लीगची डर्टबाइकची रेस झाली तेव्हापासून हे वेड लागलंय. तिथलं गणित मला कळलं होतं, सहा फ्रँचायझी, रायडरचा लिलाव, ४५० सीसी, २५० सीसी आणि पोरांचा ८५ सीसी असे वेगवेगळे क्लास आणि सगळ्यांचे पॉइंट शेवटी टीमच्या खात्यात. सरळ आयपीएलचा हिशोब.

आता अमेरिकेतलं एएमए सुपरक्रॉस बघायला लागलोय, जुने सीझन पण खोदून काढतोय, आणि २०२३ च्या होंडा एचआरसीपाशी, म्हणजे होंडाच्या स्वतःच्या रेसिंग टीमपाशी, येऊन अडकलोय. चेस सेक्स्टन होंडावर ४५० चा चॅम्पियन झाला आणि त्याच वर्षाच्या शेवटी केटीएमला निघून गेला. चॅम्पियन माणसाला कोण जाऊ देतं?? बरं त्याच उन्हाळ्यात मोटोक्रॉसमध्ये त्याला हरवतोय कोण तर त्याचाच टीममेट जेट लॉरेन्स. तंबू एक, ट्रक एक, जर्सी एक, आणि गेट पडलं की कुणी कुणाला इंचभर वाट देत नाही. कॉमेंट्रीवाले पण टीमबद्दल बोलतच नाहीत, सगळं रायडरबद्दल.

तर टीमची वेगळी चॅम्पियनशिप असते का? टीममेट एकमेकांना मदत करतात का? आणि २०१७ चा एक व्हिडिओ बघितला, मार्विन मस्किन पहिला चाललाय आणि शेवटच्या लॅपला मागे राहून रायन डंजीला पुढे जाऊ देतो. हे चालतं? चालतं तर मग रोज का करत नाहीत?

लाल_प्लेट

प्रश्न बेसिक वगैरे काही नाही भाऊ, दहा-दहा वर्षं बघणारे पण यावर भांडतात.

आधी चॅम्पियनशिपचं. ज्या टायटलसाठी हे लोक हाडं मोडून घेतात ते रायडरचं असतं. कंपन्यांचं वेगळं टेबल असतं पण स्टेडियममध्ये बसलेल्या माणसाला विचार त्यात कोण पुढे आहे, सांगता येणार नाही. १ नंबरची प्लेट रायडरला मिळते आणि तो टीम बदलून गेला की प्लेट त्याच्यासोबत जाते. म्हणूनच २०२४ ला सेक्स्टन केटीएमवर १ नंबर लावून फिरत होता, होंडावर मिळवलेला नंबर केशरी बाइकवर, होंडाच्या माणसांनी ते सुपरक्रॉसचा सीझनभर बघितलं.

आता सीझन कसा चालतो ते, कारण त्याशिवाय टीमची भानगड कळत नाही. जानेवारी ते मे सुपरक्रॉस, १७ राऊंड, स्टेडियममध्ये माती आणून बनवलेला ट्रॅक. मे ते ऑगस्ट मोटोक्रॉस, ११ राऊंड, मोकळ्या रानातले ट्रॅक, डोंगरउतार, खोल घळी पडलेल्या. आणि २०२३ पासून सप्टेंबरात सुपरमोटोक्रॉसचे तीन प्लेऑफ. म्हणजे ३१ वीकएंड. सुपरक्रॉसची ४५० ची मेन रेस २० मिनिटं अधिक एक लॅप, गेटवर २२ जण. मोटोक्रॉसला एकाच दिवशी दोन मोटो म्हणजे दोन रेस, प्रत्येकी ३० मिनिटं अधिक दोन लॅप, गेटवर ४०. एवढं सगळं एका माणसाने एका बाइकवर ओढायचं म्हणजे त्याच्यामागे फौज लागतेच, आणि ती फौज म्हणजेच टीम. रायडर दिसतो, फौज दिसत नाही एवढंच.

२०२३ ची होंडा तू बरोबर पकडलीस कारण असं वर्ष क्वचित येतं. सुपरक्रॉस ४५० सेक्स्टन. सुपरक्रॉसला २५० चे वेस्ट आणि ईस्ट असे दोन वेगळे टायटल असतात, त्यातलं वेस्ट जेट लॉरेन्स, ईस्ट त्याचा मोठा भाऊ हंटर. मोटोक्रॉस ४५० जेट, मोटोक्रॉस २५० हंटर. पाचपैकी पाच!! एकाच ट्रकमधून. वर प्लेऑफची ४५० पण जेटनेच नेली, तेवढी २५० ची हेडन डीगनने यामाहासाठी वाचवली. आणि जेटचं मोटोक्रॉस तर वेगळंच प्रकरण, ४५० वरचा पहिलाच उन्हाळा आणि २२ पैकी २२ मोटो जिंकला. असं निर्भेळ वर्ष आधी फक्त रिकी कारमायकलने २००२ आणि २००४ ला आणि जेम्स स्टुअर्टने २००८ ला केलेलं.

आता सेक्स्टनच्या जागी बस. तू चॅम्पियन आहेस, पण त्या टायटलला एक किनार आहे, यामाहाचा एली टोमॅक पॉइंटमध्ये पुढे होता आणि डेन्व्हरला, शेवटून दुसऱ्या राऊंडला, पुढे चाललेला असताना त्याच्या टाचेमागची अकिलीस शीर तुटली. टायटल खरंच आहे, सेक्स्टन त्या वर्षी कमालीचा फास्ट होता आणि उभा राहिला तोच जिंकतो हा या खेळाचा नियमच आहे, पण लोक बोलतात ते बोलतातच. वर तुझ्याच तंबूत एकोणीस वर्षांचा पोरगा येतो, २५० वरून ४५० वर चढतो आणि एकही मोटो हरत नाही. पुढच्या वर्षी सुपरक्रॉसलाही तोच तुझ्या शेजारी, आणि त्याचा भाऊ पण ४५० वर येणार. टीमचा सगळा जीव कुणात अडकणार हे सांगायला ज्योतिषी नको. माझं मत विचारशील तर सेक्स्टनने योग्य केलं. एका तंबूत दोन राजे फार दिवस टिकत नाहीत, त्यात दुसऱ्या राजाचा सख्खा भाऊ सेनापती.

शॉकअप_कोल्हापूर

लाल प्लेटने रेसिंगची बाजू सांगितली, मी गाडीची सांगतो कारण टीम खरी तिथं दिसते. आपला धंदा सस्पेंशनचा, डर्टबाइक कमी येतात, रॅलीवाल्या जास्त, पण हात तेलातच आहे.

सुपरक्रॉसची गाडी आणि मोटोक्रॉसची गाडी दिसायला एक, आतून दोन. स्टेडियममध्ये ट्रिपल जंप मारून २०-२२ मीटर लांब पडायचं आणि लगेच व्हूप्स, म्हणजे ओळीनं कमरेएवढे मातीचे ढिगारे, ते एकेक चढउतार करत बसलास तर संपलास, वरनं घासत जायचं असतंय. त्याला फोर्क आणि शॉक एवढे कडक लागतात की आपल्यासारखा माणूस त्या गाडीवर बसून साध्या शेतातनं गेला तर मनगटं सुजतील. मे महिना आला की सगळं उलटं, आता गाडीनं खड्डे गिळले पाहिजेत, चाक मातीला चिकटून राहिलं पाहिजे. म्हणजे टीमला एका रायडरसाठी वर्षात दोनदा गाडी नव्यानं उभी करावी लागते.

आणि नियम असाय की फ्रेम आणि इंजिनची केसिंग शोरूमच्या गाडीचीच पाहिजे. १९८६ च्या आधी कंपन्या वाट्टेल ते हातानं बनवून आणायच्या, तसली गाडी बाजारात मिळायचीच नाही, मग प्रॉडक्शन रूल आला. त्यामुळं आता खरी लढाई बारीकसारीक गोष्टींवर, फ्रेमला इंजिन धरणाऱ्या पट्ट्या केवढ्या जाड, ट्रिपल क्लॅम्पचा ऑफसेट किती, लिंक कुठली, शॉकमधल्या शिम्सची रचना कशी, इंजिनची पॉवर खालनं येते का वरनं. ४५० ला ताकद ६० घोड्यांच्या आसपास आहेच, ती वाढवायचं कुणाला पडलेलं नसतं, ती वापरता कशी येईल ते बघतात.

आता ऐक टीममेटचं. मंगळवार बुधवार गुरुवार टेस्ट ट्रॅकवर टीम एकच असते. होंडासाठी शोवा या सस्पेंशन कंपनीचे लोक येतात, डेटा काढतात, एका रायडरनं सांगितलं की गाडी कोपऱ्यात बाहेर ढकलतीया तर ते दुसऱ्याच्या गाडीवर पण तपासून बघतात. पण उपाय दोघांना एकच लागू होईल असं नाही. एकजण गाडीवर पुढं वाकून बसतो, दुसरा मागं बसतो, एकाला पुढचं चाक जमिनीत रुतलेलं आवडतं, दुसऱ्याला हलकं. तुम्ही गाडी एकाच्या आवडीनं पुढं नेत गेलात की दुसऱ्याच्या हातातनं ती सुटत जाते. टीममध्ये वाद इथं होतात राव, ट्रॅकवर नाही. कुणाच्या सांगण्यावरनं पुढच्या वर्षीचा पार्ट बनणार, हा खरा प्रश्न.

सेक्स्टन केटीएमला गेला त्यात हे पण बघ, होंडाची फ्रेम ॲल्युमिनियमची, केटीएमची क्रोमोली स्टीलची. स्टील थोडं लवतंय. रायडरला ते मनगटात आणि पायात कळतं. पहिल्या सीझनला सुपरक्रॉसमध्ये त्याला गाडी जुळवायला वेळ लागला पण उन्हाळ्यात २०२४ चं मोटोक्रॉस ४५० चं टायटल त्यानं त्याच केटीएमवर घेतलं.

कोथरूडचा_क्लच

वा, हे कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे आठवडाभर एकाच डेटावर काम आणि शनिवारी एकमेकांच्या उरावर?? एक उपप्रश्न, रेस चालू असताना टीम काही सांगू शकते का, एफ वन सारखा रेडिओ असतो का?

शॉकअप_कोल्हापूर

रेडिओ नसतो. मेकॅनिक ट्रॅकच्या कडेला फळा घेऊन उभा असतो, त्यावर मार्करनं लिहितो, मागचा किती सेकंदांवर, किती लॅप राहिले, कुठं वेळ जातोय. रायडर एका लॅपला अर्धा सेकंद बघणार त्याच्याकडं. त्या फळ्यावर काय लिहायचं आणि काय नाही हे पण एक कसब आहे. सगळ्यात आधी माणूस कळावा लागतो, एकाला "श्वास घे" लिहिलं तर तो सुधारतो, दुसऱ्याला तेच लिहिलं तर चिडून पडतो. होंडाचा मॅनेजर लार्स लिंडस्ट्रॉम स्वतः आधी मेकॅनिक होता, त्यामुळं त्याला हे सगळं खालनं माहितीय.

इंडियानाचा_जोशी

नमस्कार, मी मूळचा साताऱ्याचा, आता इंडियानात. टीममेट मदत करतात का यावर एक वेगळं उदाहरण देतो, कारण या खेळात खरीखुरी टीम रेस वर्षातून एकदा होते आणि ती कंपनीची नसते, देशाची असते. मोटोक्रॉस ऑफ नेशन्स.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ते आमच्याकडे क्रॉफर्ड्सव्हिलला आयर्नमॅन रेसवेवर होतं. प्रत्येक देशाचे तीन रायडर, तीन क्लास, तीन मोटो, प्रत्येक मोटोत देशाचे दोन. असे सहा निकाल होतात, त्यातला सगळ्यात वाईट टाकून द्यायचा, उरलेल्या पाच क्रमांकांची बेरीज, कमी बेरीज तो जिंकला. आता यात गंमत बघा, वर्षभर एकमेकांना आडवे जाणारे लोक इथे एका झेंड्याखाली. अमेरिकेकडून टोमॅक यामाहावर आणि आरजे हॅम्पशायर हस्कवर्नावर, एकाच तंबूत! पहिला आला काय पाचवा आला काय यापेक्षा पडून विसावा येऊ नये याची भीती जास्त, कारण टाकून द्यायचा निकाल एकच असतो आणि तो आधीच कुणीतरी वापरलेला असतो.

ऑस्ट्रेलियाकडून जेट, हंटर आणि काइल वेब्स्टर. २०२४ ला इंग्लंडमध्ये मॅटर्ली बेसिनला याच तिघांनी ऑस्ट्रेलियाला पहिल्यांदा ही ट्रॉफी मिळवून दिली होती, आणि आयर्नमॅनला घरच्या अमेरिकेसमोर परत जिंकले. आजूबाजूला सगळे अमेरिकन, करवती चालू केलेल्या (साखळी काढून, नुसता आवाज करायला, इथली प्रथा आहे), हॉर्न, धूर, आणि मधे ऑस्ट्रेलियाचा पिवळा-हिरवा घोळका गळा फाडून ओरडतोय. वेब्स्टर अमेरिकेत रेस करत नाही, बऱ्याच लोकांना त्याचं नावही माहीत नसतं, पण दोन्ही वर्षी २५० वर त्याने जे क्रमांक काढून दिले त्याशिवाय दोघे भाऊ कितीही पळाले असते तरी बेरीज जमली नसती.

लॉरेन्स भावांबद्दल अजून एक. हे क्वीन्सलँडच्या लँड्सबरोचे. हंटर १९९९ चा, जेट २००३ चा. पोरांच्या रेसिंगसाठी आईबापांनी घरदार हलवलं, आधी युरोप, मग २०१९ पासून अमेरिका. हंटरचं सुरुवातीचं अमेरिकेतलं करिअर दुखापतींनी खाल्लं आणि धाकटा त्याच्या पुढे निघून गेला. असं झालं की घरात काय होतं हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण हे दोघं एकाच टीममध्ये, एकाच ट्रॅकवर रोज सराव, आणि २०२५ च्या मोटोक्रॉसला ४५० मध्ये जेट पहिला हंटर दुसरा. म्हणजे लाल प्लेट साहेब, दोन राजे टिकत नाहीत हे सगळ्यांना लागू नाही.

पिटमध्ये कधी गेलात तर बघा, मोठ्या टीमच्या ट्रकसमोर पब्लिकला जाता येतं. दोरीच्या पलीकडे मेकॅनिक बाइक उघडून बसलेला असतो आणि पोरं डोळे फाडून बघत असतात. जेटच्या डोनटच्या प्रेमावरून तर टी-शर्ट निघालेत, बाप लोक पोरांना खांद्यावर घेऊन डोनटचा बॉक्स हलवत उभे.

लाल_प्लेट

जोशीबुवा, भावांचं मान्य. पण भाऊ आहेत म्हणूनच टिकलं असं मी म्हणेन, उपऱ्याचं तिथे अवघड. आयर्नमॅनचा पिटमधला किस्सा अजून सविस्तर टाका की कधी वेगळ्या धाग्यावर.

नागपूर_टूस्ट्रोक

मस्किनच्या प्रश्नावर कोणी बोलेना म्हणून मी बोलतो, कारण तो माझा दुखरा विषय आहे. मी टोमॅकचा माणूस, आधीच सांगतो.

२०१७, ईस्ट रदरफर्ड, न्यूयॉर्कच्या शेजारचं मेटलाइफ स्टेडियम, १७ पैकी १६ वा राऊंड. टोमॅक कावासाकीवर ३ पॉइंटने पुढे, डंजी केटीएमवर मागे. रेसमध्ये टोमॅक पडला आणि आठवा आला. पुढे मस्किन, मागे डंजी, दोघं केटीएमचे, दोघं एकाच ट्रेनरकडे सराव करणारे. आणि शेवटच्या लॅपला मस्किनने गाडी ढिली सोडली, मागे बघितलं आणि डंजीला जाऊ दिलं. डंजीला २२ च्या जागी २५ मिळाले. तीन पॉइंट फुकट! पुढच्या आठवड्यात लास व्हेगसला टायटल डंजीने ५ पॉइंटने जिंकलं आणि लगेच रिटायर झाला.

नियमात याला बंदी नव्हती. पण प्रेक्षक म्हणून विचार कर, मी तिकीट काढून बसलोय आणि जो सगळ्यात फास्ट होता तो मुद्दाम दुसरा येतो. मस्किनचं काय? त्याची एक ४५० ची मेन जिंकायची संधी गेली, असे विजय माणसाच्या करिअरमध्ये मोजून येतात. टीमने त्याच्याकडून ते मागायलाच नको होतं, मागितलं नसेल तर त्याने द्यायला नको होतं.

लाल_प्लेट

५ मधून ३ गेले तरी २ उरतात बे. मस्किनने काही दिलं नसतं तरी डंजीच चॅम्पियन होता.

नागपूर_टूस्ट्रोक

कागदावर. टोमॅक व्हेगसला ९ पॉइंट मागे होता म्हणून त्याने पुढे राहून सगळ्यांना मुद्दाम हळू केलं, घोळका डंजीच्या अंगावर आणायचा आणि चार-पाच जण त्याच्या पुढे घुसू द्यायचे हा प्लॅन. ९ ऐवजी ६ असते तर वेगळा चालवला असता, डंजीवर दडपण वेगळं असतं. रेस एक्सेलवर होत नाही. आणि त्या रात्री डंजी चौथा आला, टोमॅक दुसरा, म्हणजे किती जवळ आलेलं बघ.

शॉकअप_कोल्हापूर

मला मस्किनचं पटतंय. त्याचा पगार केटीएम देतीया, केटीएमला टायटल पाहिजे, स्वतः तो शर्यतीत नव्हता. आणि आठवडाभर ज्याच्याबरोबर सराव करतो त्याला एक लॅप दिला. पण हे वर्षात शेवटच्या दोन रेसला होतं, त्याच्या आधी कोण करत नाही कारण जानेवारीत प्रत्येकाला वाटतं टायटल माझंच. म्हणून क्लच भाऊ, "रोज का करत नाहीत" याचं उत्तर हे. आणि प्रत्येकाच्या करारात जिंकल्याचा बोनस वेगळा असतो, टीममेटसाठी सोडलेला विजय म्हणजे स्वतःच्या खिशातनं काढलेले पैसे.

नाशिकचा_प्रायव्हेटर

सगळे फॅक्टरी टीमबद्दलच बोलताय, होंडा केटीएम कावासाकी. त्याच्या खालची दुनिया पण सांगतो थोडी कारण टीम म्हणजे काय हे तिथे जास्त कळतं.

सुपरक्रॉसला रात्रीच्या शोमध्ये एका क्लासचे ४० जण येतात. दोन हीट म्हणजे पात्रता रेस, प्रत्येकीतून ९ मेनला. म्हणजे १८. उरलेल्या २२ जणांची एक छोटी रेस, लास्ट चान्स क्वालिफायर, त्यातून फक्त ४ जाणार. ती रेस बघत जा, मेनपेक्षा भारी असते कारण तिथे चौथ्या नंबरसाठी माणसं अक्षरशः एकमेकांवर उड्या मारतात. त्यातले कितीतरी जण स्वतः व्हॅन चालवत आलेले, मेकॅनिक म्हणजे भाऊ किंवा बाप, आणि मेनला गेला तर बक्षिसाच्या पैशातून पुढच्या शहरापर्यंतचं डिझेल.

मधल्या पातळीवर सॅटेलाइट टीम, म्हणजे कंपनीच्या गाड्या पळवणारी पण कंपनीबाहेरची टीम. याची बेस्ट केस प्रो सर्किट. मिच पेटन नावाचा माणूस, तरुणपणी वाळवंटातल्या रेसमध्ये पडून कमरेखाली लुळा झाला, व्हीलचेअरवर बसून त्याने कॅलिफोर्नियात इंजिन ट्यूनिंगचं दुकान उभं केलं आणि त्यातून टीम. १९९१ आणि १९९२ ला त्याच्या होंडावर जेरेमी मॅकग्राने १२५ वेस्टची, म्हणजे तेव्हाच्या छोट्या क्लासची टायटलं घेतली, १९९३ पासून तो कावासाकीसाठी छोटा क्लास चालवतोय. कारमायकल तिथून गेला, विलोपोटो तिथून गेला, तोच विलोपोटो जो पुढे २०११ ते २०१४ सलग चार वर्षं ४५० चा सुपरक्रॉस चॅम्पियन होता. पेटन पोरं तयार करतो, पोरं मोठी झाली की ४५० च्या फॅक्टरीकडे जातात आणि हा पुढच्या पोराकडे वळतो. तीस वर्षं हेच. मला विचाराल तर या खेळातली सगळ्यात मोठी टीम हीच, होंडाबिंडा नंतर.

आणि उलटी केस गायको होंडाची. विमा कंपनीचं नाव, होंडाची २५० ची टीम, टोमॅक तिथे घडला, सेक्स्टनची २०१९ आणि २०२० ची २५० ईस्टची टायटलं तिथली, लॉरेन्स भाऊ अमेरिकेत पहिल्यांदा त्याच तंबूत आले. २०२० संपलं आणि टीम बंद. रायडर जिंकत असताना बंद! मग होंडाने २५० ची पोरं आपल्या मुख्य टीममध्ये घेतली, आणि म्हणून २०२३ ला पाचही टायटलं एकाच ट्रकमधून निघाली. लाल प्लेटने जो चमत्कार सांगितला त्याची सुरुवात एका टीमच्या बंद होण्यात आहे.

अजून एक आवडती टीम, सुझुकीवाली. सुझुकीची स्वतःची फॅक्टरी टीम आता नाही, एचईपी नावाची टीम त्यांच्या गाड्या पळवते. आरएम-झेड ४५० ला बटण स्टार्टर नाही, किक मारायची! २०२३ ला केन रॉकझेन होंडा सोडून तिथे गेला तेव्हा सगळे म्हणाले संपला, आणि मार्चमध्ये इंडियानापोलिसला मेन जिंकला. बाकीचे पडले तर बटण दाबून उठतात, हा पडला तर किक शोधत बसणार, त्यामुळे पडायचंच नाही हा एकच उपाय.

कोथरूडचा_क्लच

आयला, गायकोचं माहीत नव्हतं. खूप धन्यवाद सगळ्यांना, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. म्हणजे टीम ट्रॅकवर शोधायची नाही, टेस्ट ट्रॅकवर आणि वर्कशॉपमध्ये शोधायची. एकच अजून, जेटला २०२५ ला दुखापत झाली ना सुपरक्रॉसमध्ये? तेव्हा टीम काय करते, दुसरा रायडर आणते का? आणि मी आता जुन्या कुठल्या रेस बघू ज्यात हे सगळं दिसेल?

लाल_प्लेट

फेब्रुवारीच्या सुरुवातीला ग्लेन्डेलला गुडघ्याचं एसीएल लिगामेंट गेलं, आणि मे अखेरीस कॅलिफोर्नियातल्या पालाला मोटोक्रॉसच्या पहिल्या राऊंडला आला तो दोन्ही मोटो जिंकूनच. ते टायटल पण त्यानेच घेतलं, वर प्लेऑफ सलग तिसऱ्यांदा. बदली रायडर आणतात कधीकधी पण चांगला माणूस फेब्रुवारीत मोकळा मिळणं अवघड, जो मोकळा आहे तो का मोकळा आहे ते पण बघावं लागतं.

आणि जेट नव्हता त्या सुपरक्रॉसला काय झालं माहितीये? सेक्स्टन केटीएमवर आणि कूपर वेब यामाहावर, शेवटच्या रात्रीपर्यंत भांडले आणि वेब २ पॉइंटने जिंकला, त्याचं तिसरं टायटल, २०१९ आणि २०२१ नंतर. दोन पॉइंट! नंतर सेक्स्टन केटीएम पण सोडून २०२६ साठी कावासाकीला गेला. आता बोला.

बघायचं म्हणशील तर पहिली २०१७ ची ईस्ट रदरफर्ड आणि लगेच त्या वर्षीची व्हेगस, म्हणजे नागपूरकरांशी भांडता येईल. मग २०२३ ची इंडियानापोलिस रॉकझेनसाठी आणि डेन्व्हर टोमॅकसाठी, डेन्व्हर मन घट्ट करून बघ. २०२३ ची पाला, जेटची ४५० वरची पहिली मोटोक्रॉस, सेक्स्टन मागे दुसरा, त्या दोघांमधलं अंतर बघ आणि वर सांगितलेलं सगळं आठव. शेवटी २०२५ चं नेशन्स, पूर्ण, हायलाइट नको, कारण बेरीज कशी फिरते ते हायलाइटमध्ये कळत नाही.

नागपूर_टूस्ट्रोक

डेन्व्हर मी परत बघणार नाही.

नाशिकचा_प्रायव्हेटर

लाइव्ह बघायचं तर तिकडची शनिवार रात्र म्हणजे आपली रविवारची पहाट-सकाळ, सीझनला व्हिडिओ पास घेता येतो, बाकी यूट्यूबवर अधिकृत हायलाइट फुकट असतात. आणि लास्ट चान्स क्वालिफायर चुकवू नको, हायलाइटमध्ये ती बऱ्याचदा दोन मिनिटांत उरकतात.

कोथरूडचा_क्लच

ईस्ट रदरफर्ड आत्ता लावली. मस्किन चक्क मान वळवून बघतोय राव मागे.

नागपूर_टूस्ट्रोक

बघतोय ना? मग सांग आता, कोणाच्या बाजूने?